सोयगावच्या जीपचा ठसा

वहिनी, काल तुमचं तेरावं झालं. आज सकाळी तुमच्या लेकीनं, मंगलनं, दुकानाचं शटर वर केलं, उदबत्ती लावली आणि तुमच्या स्टुलावर न बसता शेजारच्या टायरवर बसली. स्टूल रिकामं ठेवायचं असं काही आमचं ठरलं नव्हतं. मीही उभाच राहिलो.

फ्लेक्सवाल्याला तुमची जन्मतारीख हवी होती. घरात ती कुणालाच माहीत नाही. निजामावर पोलीस ॲक्शन झाली आणि पुढच्या आंब्याच्या दिवसांत तुम्ही झालात, एवढंच तुमच्या आई सांगायच्या. फ्लेक्सवाला म्हणाला, आंब्याचे दिवस कसे छापू? मग तारखेशिवायच फ्लेक्स लागला. फोटोत तुम्ही रागावलेल्या दिसता. तो मंगलच्या लग्नातला आहे आणि त्या दिवशी तुम्ही खरंच माझ्यावर रागावला होता, कारण नवरदेवाच्या मामांना मी भर मांडवात गिअरबॉक्स कसा ओळखायचा ते समजावत बसलो होतो. शिकवलं होतं कुणी, ते मात्र तुम्ही सोयीनं विसरलात.

तेरा दिवस माणसं येत होती. मोंढ्यामागची सगळी गल्ली आली. पैठणचे टेम्पोवाले आले, शेंद्र्याहून दोघं आले, ज्यांची नावंही मला आठवेनात असे मिस्त्री आले. जो तो एकच सांगायचा. बाई माप घेतल्याशिवाय माल द्यायची नाही, एकदा सोडून तीनदा बघायची, असं दुकान आता व्हायचं नाही. मी मान हलवत होतो आणि आतल्या आत आक्रसत होतो. त्या तीनदा बघण्याच्या मुळाशी काय आहे, ते मला एकट्याला ठाऊक आहे. तुम्हाला नव्हतं. तेच सांगायला बसलोय. वीसबावीस वर्षांत किती वेळा ते ओठांपर्यंत आलं आणि मी चहाच्या घोटाबरोबर गिळलं, याची गणती नाही.

दादाला अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा दुकान मी चालवणार असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. मीसुद्धा. जुन्या गाड्या तोडायच्या, त्यांचे चालू भाग काढून विकायचे, त्यात काय अवघड, असं मला वाटायचं. दहावी नापास होऊन गावाकडून आलो होतो, पान्हे धरायला शिकलो होतो आणि स्वतःला मोठा मिस्त्री समजत होतो. पंधरा दिवसांत मी तीन गिऱ्हाइकांना चुकीचे गिअरबॉक्स दिले. तिघंही परत आले. सोळाव्या दिवशी तुम्ही दादाला खाऊ घालून, पदर कमरेला खोचून दुकानात आलात आणि मला म्हणालात, "भाऊजी, तुम्ही खोला. बघायचं काम माझ्याकडं."

इंग्रजी आकडे तुम्हाला वाचता येत नव्हते. गिअरबॉक्सच्या डब्यांवर कोरलेले नंबर म्हणजे तुमच्या लेखी नक्षी. म्हणून तुम्ही मोजायला लागलात. तोंडाला बोल्टची भोकं किती, शाफ्टला दाते किती, शाफ्ट बाहेर किती येतो. तो तुम्ही वितीनं आणि बोटांनी मोजायचात. मीटरच्या वायरीचं भोक कुठल्या अंगाला आहे, गिअरचा दांडा कुठून वर येतो, खाली फाउंडेशनला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, बसायची जागा कुठं आहे. मग खालचा बोल्ट सैल करून तेलात बोट बुडवायचं आणि ते उन्हात धरायचं. तेलात चमक दिसली की आत पितळ नाहीतर लोखंड झिजलंय, तो डबा बाजूला. शेवटी एकेक गिअर टाकून हातानं फिरवायचा आणि कान लावायचा. दोन महिन्यांत तुम्ही अशा तयार झालात, की इंजिनाचं नाव, साल, मॉडेल सांगत आलेल्या मिस्त्र्याला तुम्ही मध्येच थांबवायचात. नाव एक असलं म्हणून काय झालं, म्हणायचात, एका आईची लेकरं तरी सारखी असतात का?

तुमचा नियम साधा होता. जुना डबा आणल्याशिवाय दुसरा द्यायचा नाही. दोन्ही पोत्यावर शेजारी ठेवायचे, तोंडाला तोंड, आणि मगच बोलायचं. मी चिडवायचो की वहिनी, तुम्ही तर छत्तीस गुण जुळल्याशिवाय देतच नाही. त्यावर तुम्ही एकदा सगळ्या गिऱ्हाइकांदेखत म्हणालात, "छत्तीस जुळवूनच तुमच्या दादाच्या घरात आले, आन् बघा, आज हातात पान्हा हाय." दादाला घरी हे सांगितलं, तेव्हा त्याचं अर्धं तोंड हसलं होतं. झटक्यानंतर तो हसलेला मी पहिल्यांदा पाहिला.

आपलं भांडण एकच होतं आणि ते शेवटपर्यंत मिटलं नाही. भोकं जुळली, माप जुळलं, नुसते शाफ्टचे दाते वेगळे निघाले, तर क्लचप्लेट बदलून डबा बसतो, असं माझं म्हणणं. बसतोच. मी बसवलेत, तुमच्या पाठीमागं. तुमचं म्हणणं, की एका जागी जमवून घ्यायला लावलं की गाडी दुसऱ्या जागी कुरकुरते, आणि ते गिऱ्हाइकाला घाटात कळतं. मी म्हणायचो, तुम्हाला यंत्रातलं काय कळतंय? तुम्ही म्हणायचात, यंत्रातलं नाय कळत, जमवून घेण्यातलं कळतं. अजूनही मला वाटतं की प्लेटच्या बाबतीत मीच बरोबर आहे.

लांबचं गिऱ्हाईक जुना डबा घेऊन कसं येणार? एसटीवर चढवायचा म्हणजे चार माणसं लागतात. त्यासाठी तुम्ही ठशाची युक्ती काढली. किराण्याचा खाकी कागद. जुन्या डब्याचं तोंड पुसायचं, त्यावर वंगणाचा हलका हात फिरवायचा आणि कागद ठेवून तळव्यानं दाबत जायचं. कडा आणि भोकं काळी उमटतात. तो कागद दुकानातल्या डब्याच्या तोंडावर धरला की जुळतं की नाही ते कळतं. फक्त कागद उलटा धरायचा नाही, नाहीतर डावं ते उजवं होतं. खाकी कागदाच्या दोन्ही बाजू सारख्याच, आणि वंगण आरपार उतरतं. म्हणून तुम्ही मला प्रत्येक वेळी कुंकवाची पुडी द्यायचात. ठसा घेताना कागदाची जी बाजू आपल्याकडं असते, तिला कागद उचलायच्या आधी कुंकवाचं बोट लावायचं. कागद उचलायच्या आधी. हे तुम्ही मला इतक्या वेळा बजावलं होतं, की मी वैतागून हो हो म्हणायचो.

सोयगावच्या सांडूभाऊंची जीप. बाजाराच्या दिवशी माणसं वाहायची, एरवी दवाखाना, लग्नकार्य, काय असेल ते. त्यांचा गिअरबॉक्स गेला आणि तुम्ही मला ठसा आणायला पाठवलंत. भर दुपारी मी त्यांच्या अंगणात ठसा घेतला, दाते मोजले, दहा भरले. तेवढ्यात कुणीतरी सांगितलं की एसटी लागलीय आणि यानंतरची थेट संध्याकाळी. मी कागद उचलला, घडी केली आणि पळालो. सिल्लोडला गाडी थांबली तेव्हा चहा प्यायला उतरलो. पैसे काढायला खिशात हात घातला, तर हाताला कुंकवाची पुडी लागली, न उघडलेली.

कागद उलगडला. उन्हानं आणि घडीनं वंगण आरपार गेलं होतं. दोन्ही बाजू सारख्याच काळ्या. मी तो इकडून पाहिला, तिकडून पाहिला. तिथूनच उलट्या एसटीत बसलो असतो तर काम झालं असतं. एक दिवस गेला असता आणि तुमची बोलणी खावी लागली असती, बस. पण मला कंटाळा आला होता, वहिनी. दुसरं काहीही कारण नाही. पुष्कळ शोधलं, सापडलं नाही. मी सिल्लोडच्या स्टँडवर, बाकावर कागद ठेवून, मला बरी वाटली त्या बाजूला कुंकू लावलं.

दुकानात त्या जातीचे दोन डबे होते. एक पेट्रोल गाडीचा, एक डिझेलचा; पण जुन्या जीपांत इंजिनं आणि डबे इकडचे तिकडे बसवलेले असायचे, म्हणून तुम्ही फक्त कागदावर विसंबायचात. दाते दोघांना दहाच. लांबी एक. फरक एवढाच, की एकाचं एक भोक डावीकडं जास्त सरकलेलं आणि दुसऱ्याचं उजवीकडं. तुम्ही कुंकू वर धरून कागद ठेवलात. डिझेलच्या डब्यावर तो अगदी नेमका बसला. तरी तुम्ही मला विचारलंत, "कुंकू तिथंच लावलं होतं ना, भाऊजी?" मी म्हणालो, "तिथंच." डबा सोयगावला गेला.

तिथल्या मिस्त्र्याला भोक जुळेना. आपल्याच धंद्यातला माणूस, हार कशी मानणार? सहातले पाच बोल्ट आवळले आणि सांडूभाऊंना म्हणाला, चालवा बिनघोर. आठ दिवस चालली. फर्दापूरच्या अलीकडं डब्याचा बोल्ट धरणारा कान तुटला आणि बाजाराची दहा-बारा माणसं भर उन्हात सामान डोक्यावर घेऊन चालत गेली. कुणाला काही लागलं नाही, एवढं नशीब.

सांडूभाऊ दुकानात आले तो दिवस मला जसाच्या तसा आठवतो. दुकानात पाचसहा माणसं होती, बाहेर तेवढीच. त्यांनी तुटका कान तुमच्या पुढ्यात टाकला. आवाज चढवला नाही. म्हणाले, "बाईच्या हातचा माल घेतला, हीच माझी चूक." सगळी गल्ली ऐकत होती. कित्येकजण हेच ऐकायची वाट बघत होते. दोन वर्षं तुम्ही एकेक डबा मोजून त्या गल्लीत जी जागा केली होती, ती त्या एका वाक्यात जाताना मी बघत होतो. माझ्या हातात पान्हा होता आणि मी एका बोल्टवर तो घट्ट धरून ठेवला होता. तो बोल्ट कधीच आवळून झाला होता.

तुम्ही कान उचलून पाहिलात. मग म्हणालात, "माझाच हात चुकला, भाऊ. तुमची गाडी चालू होईस्तवर मी तुमच्या दारातून हलणार नाय."

तो कागद अजून खिळ्याला टोचलेला होता. तुम्ही टेम्पो बघायला बाहेर गेलात, तेव्हा मी तो काढला, त्याला हात पुसले आणि दुकानामागच्या भट्टीत टाकला.

तुम्ही उरलेला डबा टेम्पोत घालून सोयगावला गेलात. मी सोबत होतो. जुना डबा, दुसरा डबा, शेजारी शेजारी, तोंडाला तोंड. पेट्रोलचा बसला. सांडूभाऊंच्या घरच्यांनी दिलेला चहा तुम्ही जीप एक चक्कर मारून आल्यावरच प्यायलात. परतीच्या वाटेवर तुम्ही रस्त्याकडं बघतच मला विचारलंत, "भाऊजी, मी कागद उलटा धरला असंल का हो?"

सांगायची वेळ तीच होती. टेम्पोत मागं आपण दोघंच होतो, ड्रायव्हर पुढं. मी म्हणालो, "असंल."

वहिनी, त्या एका शब्दानंतर तुमचा तुमच्या हातावरचा भरवसा उडाला. कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण बाहेरून ते शहाणपण दिसत होतं. तुम्ही एकदा बघायचात, मग दुसऱ्यांदा, आणि तिसऱ्यांदा मला हाक मारायचात. भाऊजी, एकदा तुम्ही बघा. माझ्यावर सोडू नका. ज्यानं चूक केली त्यालाच तुम्ही आयुष्यभर तुमची चूक शोधायला बसवलंत. मी बघायचो. बरोबरच असायचं. इतक्या वर्षांत तुमचं एकदाही चुकलेलं मी पाहिलं नाही, आणि हे तुम्हाला सांगायलाही मला तोंड नव्हतं.

याचा फायदाच झाला, असं मी स्वतःला समजावत आलो. दुकानाचं नाव झालं. तीनदा बघणारी बाई म्हणून सोयगावपासून पैठणपर्यंत लोक ओळखायला लागले. माझं घर त्यावर उभं राहिलं, माझी पोरं त्यावर शिकली. त्यासाठी मी तुमचे पाय धरले तरी कमीच आहे. पण मी घरी जाऊन ढाराढूर झोपायचो आणि तुम्ही सकाळी दुकान उघडल्या उघडल्या आदल्या दिवशी दिलेल्या डब्याचे दाते मला पुन्हा विचारायचात, हेही खरंच आहे.

दादा गेला. तुमचं कपाळ रिकामं झालं, पण दुकानातली कुंकवाची डबी तुम्ही तिथंच ठेवलीत. चुलतीनं नाक मुरडलं. तुम्ही तिला म्हणालात, हे कागदाचं हाय, माझं नाय. मला त्या डबीकडं बघवायचं नाही, आणि चुलतीला वाटायचं की मीसुद्धा तिच्याच बाजूचा आहे.

अलीकडं लोक मोबाइलवर फोटो पाठवायला लागले. मी खूश झालो, म्हटलं सुटलो कागदातून. तुम्ही फोन डोळ्यांजवळ धरून, लांब धरून पाहिलात आणि परत दिलात. फोटोत माप कुठंय, म्हणालात. फोटोवर एकही डबा तुम्ही जाऊ दिला नाहीत. लोक कुरकुरायचे आणि आठ दिवसांनी ठसा घेऊन यायचे.

दवाखान्यात तुम्ही चांगल्या बोलत होतात. मला प्लेटवरून डिवचलंत. मंगलला, डाळीत मीठ कमी घालतेस, असं सांगितलंत. मी रोज ठरवून यायचो की आज सांगायचं. मग वाटायचं, आत्ता कशाला, माणूस आजारी आहे, बरं झाल्यावर सांगू. त्याआधी धडधाकट होतात, तेव्हा वाटायचं, सगळं नीट चाललंय, कशाला उकरायचं. माझ्याकडं निमित्तांना कधीच तोटा नव्हता.

आज दहाच्या सुमारास शेंद्र्याचा एक माणूस छोट्या टेम्पोत जुना गिअरबॉक्स घेऊन आला. कंपनीत कामाला आहे, थोडी शेती आहे, जुनी कार आहे. घाईत होता, दुपारच्या पाळीला पोचायचं होतं. मंगलनं पोतं अंथरलं. दोन्ही डबे शेजारी. भोकं मोजली, दाते मोजले, तेलात बोट बुडवून उन्हात धरलं. तुमच्यासारखंच, मान जरा डावीकडं कलवून. मग पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. माणूस म्हणाला, ताई, एकदा बघितलं ना, द्या की आता. मंगल हसून म्हणाली, "थांबा जरा. माझ्या आईचा हात एकदा चुकला होता, सोयगावच्या गाडीला. तवापासून आमच्याकडं तीनदा बघत्यात."

म्हणजे तुमच्यामागं हेच उरणार होतं. मंगल हे तिच्या पोरीला सांगणार, ती पुढं कुणाला सांगणार. मी भिंतीला टेकून उभा होतो. मी म्हणालो, "तिचा हात चुकला नव्हता, मंगल. माझा चुकला होता."

मग सगळं सांगितलं, त्या परक्या माणसासमोरच. पुडी, सिल्लोडचा बाक, भट्टी, टेम्पो. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. इतकी वर्षं जे जड वाटत होतं ते बोलायला एवढंसंच होतं, याचीच मला जास्त लाज वाटली.

मंगल तशीच उकिडवी बसून राहिली. हाताचं तेल तिनं पोत्याला पुसलं. मग विचारलं, "आईला ठाऊक होतं?"

"नाय."

"जायच्या आदल्या दिवशी दवाखान्यात ती मला म्हणली, मी आयुष्यात एका माणसाचं नुकसान केलं, सोयगावच्या. तुम्ही तिथंच बसला होता, काका."

बसलो होतो. पाण्याची बाटली उघडत होतो. मी ते ऐकलं होतं.

गिऱ्हाइकासमोर घरच्या माणसाला बोलायचं नाही, हे तुम्हीच तिला शिकवलंय. तिसऱ्यांदा तिनं स्वतःच मोजलं, मला हाक मारली नाही. डबा टेम्पोत चढवला, त्या माणसाला पावती दिली, तो गेला. मग ती उठली आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "आधी सोयगावला जाऊन सांडूभाऊला सांगा. मग दुकानात या."

उद्या सकाळच्या पहिल्या एसटीनं निघतोय, वहिनी. सांडूभाऊ आता ऐंशीच्या पुढं असतील. नसतील तर त्यांच्या पोरांना सांगेन. त्यांच्या घरात, त्या गावच्या मिस्त्र्याकडं, जिथं जिथं तुमचं नाव त्या गाडीबरोबर घेतलं जातं तिथं तिथं सांगेन, आणि ते सांगून झाल्याशिवाय माघारी गाडीत बसणार नाही.